कुरडईचा कोपरा

आंतरमहाविद्यालयीन बॅडमिंटन स्पर्धेतली माझी पहिली मॅच अठरा मिनिटांत संपली. २१-९, २१-७. समोरच्या मुलीला धड घामही आला नव्हता आणि मी मात्र वाकून गुडघ्यांवर हात ठेवून उभी. बाहेर आल्यावर मैत्रीण म्हणाली, "पण तू लई पळालीस गं." ती कौतुकानं म्हणाली होती, हे लक्षात यायला मला बस स्टँडपर्यंत वेळ लागला.

तेव्हा मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते. निष्कर्ष सरळ काढला, की आपले पाय हळू आहेत, तर पायांचा वेग वाढवायचा. दिवाळी झाली तशी पहाटे सोलापुरातल्या कंबर तलावाकडून पळायला सुरुवात केली, रोज पाच किलोमीटर. ऑनलाइन एक लॅडर मागवली. जमिनीवर पसरायची पट्ट्यांची शिडी असते, तिच्या चौकोनांतून पाय आतबाहेर नाचवायचे. मोबाईलवरच्या रीलमध्ये ते फार झकास दिसतं. महिन्याभरात मीही झकास दिसायला लागले. पळायचा दमही वाढला. कोर्टावर मात्र शटल तिथंच पडत होतं जिथं आधी पडायचं, आणि मी तिथं पोचत होते ती ते पडल्यावर. फरक एवढाच, की आता पोचल्यावर धाप लागत नव्हती.

संध्याकाळी हॉलवर आमचे एक सर येतात. वय साठीच्या पुढं, जुनी स्कूटर, डिकीत नायलॉनच्या जुन्या शटलांचा पत्र्याचा डबा. पोरांना "काय बे" आणि पोरींना "काय गं" म्हणतात, आणि स्वतःहून कुणाला काही शिकवत नाहीत. विचारलं तर सांगतात. जानेवारीच्या सुरुवातीला मी विचारलं. म्हटलं, सर, फुटवर्क सुधारायचंय, कुठला व्यायाम करू?

सर म्हणाले, "बूट काढ."

मला वाटलं अनवाणी पळवणार. त्यांनी दोन्ही बूट हातात घेतले, उलटे केले आणि चष्मा कपाळावर सरकवून तळवे बघत बसले. मी उजव्या हातानं खेळते. उजव्या बुटाचा चवडा झिजलेला होता, टाच नव्यासारखी. डाव्या बुटाला तर काहीच झालं नव्हतं. सरांनी डाव्या बुटाच्या अंगठ्याकडच्या आतल्या कडेवर नख फिरवलं. "हे इथं घासून पांढरं व्हायला पायजे," म्हणाले. "नेटवर शटल घ्यायला उजवा पाय लांब टाकतीस ना, तेव्हा मागचा पाय ह्या कडेवर घसटत यायला पायजे. ब्रेक असतो तो. तुझा पाय मागं रुतून बसायलाय. आणि उजवा चवड्यावर आपटायलीस. टाच आधी टेकव, मग पंजा. चवड्यावर आपटलीस की सगळा भार गुडघ्यावर."

शिवाय ते पळायचे बूट होते. टाच जाड, उंच, मऊ. सरळ पळायला उत्तम. बाजूला झेप घेताना मात्र पाय त्या उंचीवरून कलंडतो. आधीच्या वर्षी माझा घोटा दोनदा मुरगळला होता आणि दोन्ही वेळा मी हॉलच्या फरशीला शिव्या घातल्या होत्या. नवीन बूट घेतले, गम रबराच्या सपाट तळव्याचे. बाबांनी किंमत ऐकली आणि नुसतं "बरं" म्हणाले. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, बिघडलेले माग दुरुस्त करतात. त्यांच्या तोंडी शटल म्हणजे मागावरचा धोटा, आडवा दोरा घेऊन इकडून तिकडं धावणारा आणि दरवेळी टोकाच्या पेटीत जाऊन बसणारा. "आमचं शटल बघ," ते मला चिडवायचे, "इकडून तिकडं जातंय, परत येतंय, कुणाला पळायला लागत नाही."

माझ्या हरलेल्या मॅचचा व्हिडिओ धाकट्या भावानं काढलेला होता. सरांनी तो मागितला आणि भावाला कामाला लावलं. मोबाईलच्या साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं असतात. समोरचीची रॅकेट शटलला लागते त्या चित्रापासून माझा पाय हलतो त्या चित्रापर्यंत मोजायचं. भावाला हा उद्योग भलताच आवडला, वहीत उभ्या रेघा मारत बसला. पंधरा, चौदा, सोळा, पंधरा. म्हणजे अर्धा सेकंद. डोळ्यांना काही दिसल्यापासून अंग हलायला पाव सेकंदाच्या आसपास लागतोच, तो काही कुणाचा चुकत नाही. उरलेला पाव सेकंद मी दरवेळी नुसती उभी होते. किंवा त्याहून वाईट, भलत्याच दिशेला पळत होते. शटल मारलं की मी डोळे मिटून मध्याकडं धाव घ्यायची, आणि समोरची मारायची त्या क्षणी मी त्या धावेतच असायचे. तिनं मी जिथून आले तिकडंच परत टाकलं की आधी स्वतःला थांबवा, मग वळा, मग निघा.

"पाय हळू नाहीत तुझे," सर म्हणाले. "तू निघतीस उशिरा."

हे नुसतं ऐकून पटलं नसतं, म्हणून त्यांनी एक चाचणी घेतली. कोर्टाच्या आपल्या अर्ध्यात सहा कोपरे धरायचे. पुढचे दोन, बाजूचे दोन, मागचे दोन. एकेरीचं कोर्ट ५.१८ मीटर रुंद आणि आपला अर्धा भाग ६.७० मीटर लांब, एवढ्यातच सगळा संसार. मधून निघायचं, कोपऱ्यात जाऊन शटल मारल्यासारखी रॅकेट फिरवायची, मध्यावर यायचं. याला शॅडो म्हणतात. आधी ठरलेल्या क्रमानं वीस कोपरे केले. छेचाळीस सेकंद. मग सर नेटपाशी उभे राहिले आणि मनाला येईल तो कोपरा बोटानं दाखवायला लागले. तेच पाय, तेच कोर्ट, तेवढेच वीस कोपरे. सत्तावन्न सेकंद. मधले अकरा सेकंद पायांचे नव्हतेच.

लॅडरचा विषय तिथंच संपला. ती अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही, अंग गरम करायला पाच मिनिटं ठीक आहे. पण लॅडरमध्ये पुढचा चौकोन कुठं आहे हे आधीच माहीत असतं, आणि नजर खाली असते. बॅडमिंटनमध्ये या दोन्ही गोष्टी नेमक्या उलट्या आहेत.

नजरेवरून आठवलं. ते दिवस संक्रांतीच्या तोंडचे होते. सिद्धेश्वराच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे उंच मानाच्या काठ्या, अडुसष्ट लिंगांना फिरतात, आणि ते पेलायचा सराव शहरात आधीपासून सुरू असतो. हॉलवरून परतताना एका गल्लीत तो चालला होता. सरांनी स्कूटर बाजूला घेतली आणि मला म्हणाले, बघ जरा. एवढी उंच काठी पेलणारा माणूस पायाकडं एकदाही बघत नव्हता. नजर वर, गुडघे किंचित मोडलेले, पाऊल जमिनीच्या जवळून. काठी जरा कलली की पाय आपोआप तिच्याखाली. लहानपणापासून दर संक्रांतीला गड्ड्यावर, म्हणजे या यात्रेच्या जत्रेत, भाग्यश्री वड्याच्या नादात मी काठी पेलणाऱ्यांच्या शेजारून गेलेय, पण पाय कधी बघितले नव्हते.

मग स्प्लिट स्टेप. सगळ्या प्रकाराची किल्ली हीच, आणि मला ती जमायला सहा आठवडे लागले. वर्णन करायला दोन ओळींची गोष्ट आहे. समोरची मारणार तेवढ्यात दोन्ही पायांवर छोटीशी उसळी घ्यायची आणि ती मारते त्याच सुमारास पाय खांद्यांपेक्षा जरा फाकवून चवड्यांवर उतरायचं. उतरताना पोटऱ्या-मांड्यांचे स्नायू ताणले जातात आणि ताणलेला स्नायू रबरासारखा परत ढकलतो. ती ढकल फुकटात मिळते. टाचा टेकवून उभ्या माणसाला ती मिळत नाही, त्याला आधी वाकावं लागतं.

मी उत्साहानं चांगली वीतभर उडी मारायचे. म्हणजे शटल निघालं तेव्हा मी हवेत. हवेतून कुठंच जाता येत नाही. सर वैतागले. "वहीचं पान पायाखालून सरकेल एवढंच उचल गं, जत्रेतला पाळणा नाही हा." मग वेळ चुकायला लागली. कधी लवकर, कधी उशिरा. शेवटी त्यांनी मला खेळायचंच बंद केलं. दहा दिवस मी कोर्टाबाहेर, दुसऱ्यांची मॅच चालू असताना कडेला उभी राहून प्रत्येक 'टक'ला नुसती स्प्लिट स्टेप घ्यायचे. पोरं हसायची. "काय की, अंगात आलंय हिच्या," असं एकजण म्हणाला. पण त्या दहा दिवसांत एक गोष्ट झाली. शटल बघत राहिलं तर वेळ साधत नाही. समोरच्याचा खांदा आणि रॅकेट बघावी लागते. मी इतकी वर्षं शटलचा पाठलाग करत होते, माणूस बघतच नव्हते.

दुसरी समजूत मोडली ती मध्याची. दरवेळी कोर्टाच्या मध्यबिंदूवर परत यायचं, हे मला शाळेपासून माहीत होतं. सरांचं म्हणणं असं, की समोरची मारते तेव्हा तू कुठं आहेस याला कमी किंमत, तू थांबलेली आहेस का याला जास्त. मध्याच्या दीड पाऊल अलीकडं असलीस तरी चालेल, पण त्या 'टक'ला स्प्लिट स्टेप झालीच पाहिजे. अर्ध्या वाटेत असशील तर तिथंच घे. माझ्या खेळात सगळ्यात मोठा फरक या एका वाक्यानं पडला.

एप्रिलमध्ये हॉल दुरुस्तीसाठी बंद झाला. दोन महिने म्हणाले होते, त्याचे किती झाले ते सोडा. सरांना तक्रार सांगायला गेले तर म्हणाले, "प्रकाश पदुकोण बंगळूरला लग्नाच्या हॉलमध्ये शिकला. लग्न असलं की सुट्टी. १९८० ला ऑल इंग्लंड जिंकला. तुला गच्ची आहे ना?"

गच्ची होती. पण ती लांबीला सहा मीटर. ६.७० बसेना. खडूनं सहा खुणा केल्या, मागचे दोन कोपरे सत्तर सेंटिमीटर आत घेतले. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला. संध्याकाळी सातलासुद्धा गच्ची तव्यासारखी. तेव्हा पहाटे साडेपाच ते साडेसहा हीच वेळ. भाऊ डोळे चोळत पुढं बसायचा आणि बोटं दाखवायचा. वीस सेकंद काम, चाळीस सेकंद विश्रांती, आठ फेऱ्या. आमच्या पातळीवरच्या रॅली, म्हणजे एकेका पॉइंटचा खेळ, सहा-दहा सेकंदांतच संपतात, हे भावाच्या वहीतून निघालं होतं. मग पाच किलोमीटरची संथ धाव कशासाठी? ती मी आठवड्यातून एकदा ठेवली, तीही मला आवडते म्हणून.

आता कुरडया. कुरडया पहाटेच घालायच्या असतात, उन्हं चढायच्या आत. चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि जुन्या साडीवर गोल गोल घालत जायचं. आमची गच्ची आई आणि शेजारच्या काकू यांच्या साम्राज्यात येते, मी तिथं भाडेकरू. वाटाघाटी होऊन त्यांनी एक बाजू घेतली. माझा मागचा डावा कोपरा. जवळजवळ तीन आठवडे, कुरडया झाल्या की पापड, पापड झाले की सांडगे, त्या कोपऱ्यात साडी पसरलेली. एकदा मागं जाताना माझी टाच साडीच्या काठावर पडली आणि चार कुरडयांचा चुरा झाला. काकू काही बोलल्या नाहीत. आई बोलली.

म्हणून मी पाचच कोपरे करायला लागले. आणि तो नेमका सगळ्यात अवघड कोपरा आहे. उजव्या हाताच्या खेळाडूला डाव्या खांद्यामागून शटल घ्यायचं म्हणजे कंबर वळवून मागं सरकायचं, हवेत पायांची कात्री करायची आणि डावा पाय मागं टेकताक्षणी त्याच पायानं स्वतःला पुढं ढकलायचं. तो डावा पाय टेकून जरा जरी रेंगाळला तरी पुढचं नेटवरचं शटल गेलं. कधी तरी उलटं, तोंड पुढं ठेवून मागं मागं पळायचा मोह होतो. तो फार वाईट, त्यात तोल पाठीमागं जातो.

मे महिन्यात नडगी दुखायला लागली. आधी पळाल्यावर, मग जिना उतरतानाही. कारण उघड होतं. सिमेंटची गच्ची, रोज उड्या, त्यात स्किपिंग वाढवलेलं. फिजिओथेरपिस्टनं दोन आठवडे उड्या बंद सांगितल्या आणि नंतरही आठवड्यातून दोनच दिवस, मधे किमान अठ्ठेचाळीस तास सोडून. तोवर ताकदीचं काम दिलं. जिन्याच्या पायरीवर पोटऱ्या उचलणं. प्लास्टिकच्या खुर्चीवरून एका पायावर उठणं, गुडघा आत न वळू देता. हातात पाच-पाच लिटरचे पाण्याचे कॅन घेऊन लंज, म्हणजे एक पाय लांब पुढं टाकून गुडघ्यात वाकणं. नळाला पाणी आलेलं नसेल त्या दिवशी भरलेले कॅन व्यायामाला न्यायची परवानगी नव्हती, हे वेगळं. गंमत म्हणजे या कंटाळवाण्या दोन आठवड्यांनंतर माझा लंज पहिल्यांदा स्थिर झाला. पुढं झेप घेतल्यावर परत येता येत नव्हतं, ते पाय उशिरा पडतो म्हणून नव्हे, मांडीत जोर नव्हता म्हणून. हे कुठल्याही शॅडोनं सुधारलं नसतं.

हॉल उघडला आणि पहिल्याच दिवशी मागचे कोपरे मैलभर लांब वाटले. गच्चीवरचे सत्तर सेंटिमीटर अंगात बसले होते. मी मागच्या रेषेवरच्या प्रत्येक शटलला अर्ध्या पावलानं कमी पडत होते. आणि डाव्या मागच्या कोपऱ्यात तर पायांना काही सुचतच नव्हतं. सरांना कारण सांगितलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. त्या दिवसापासून हॉलवर त्या कोपऱ्याचं नाव कुरडई. "कुरडई! कुरडई! पाय काढ तिथनं!"

मग सरांचा पत्र्याचा डबा उघडला. मल्टी-शटल. सर पलीकडून एकामागोमाग पंधरा-वीस शटल टाकतात, कुठंही, आणि तुम्ही घ्यायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं जितक्या वेगानं टाकू तितकं चांगलं. आमच्याकडं एक दादा पोरांना असं टाकायचा की पोरं चौथ्या शटलनंतर नुसती हात लांबवत फिरायची. सरांची पद्धत उलटी. माझी स्प्लिट स्टेप एकदा चुकली की ते थांबायचे, डबा खाली ठेवायचे. "दमल्यावर केलेला चुकीचा पाय अंगाला जास्त पाठ होतो," म्हणायचे. वीस शटलांच्या जागी बारा झाली तरी चालेल. पहिले दोन आठवडे निम्मी शटल कुरडईत. हॉलमध्ये शटल वाऱ्यानं वाहतं म्हणून पंखे बंद, त्यामुळं अंगातून धारा. मीठ-साखर-लिंबाची बाटली दर दोन फेऱ्यांनी. नायलॉन शटलही आम्ही हिरव्या पट्टीचं वापरतो. ते सगळ्यात हळू, निळं मध्यम, लाल वेगवान. गरम हवेत शटल एरवीपेक्षा जोरात जातं, लाल घेतलं तर उंच, खोल मारलेला प्रत्येक टॉस रेषेबाहेर.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा तीच चाचणी. ठरलेल्या क्रमानं वीस कोपरे त्रेचाळीस सेकंद. एवढ्या सगळ्या खटाटोपात पाय तीनच सेकंदांनी सुधारले होते. मग सर नेटपाशी आले आणि बोटं दाखवायला लागले. छेचाळीस. भावानं घड्याळ दोनदा दाखवलं. अकरा सेकंदांची दरी तीनवर आली होती. त्यानं नव्या व्हिडिओवर रेघाही मारल्या. पंधराच्या जागी नऊ, कधी आठ. सरांनी बूट मागितले. डाव्या बुटाची आतली कड घासून पांढरी झाली होती. त्यांनी त्यावरून नख फिरवलं आणि बूट परत दिले, काही बोलले नाहीत.

ऑक्टोबरच्या स्पर्धेत दोन फेऱ्या निघाल्या. तिसरीत समोर डावखुरी मुलगी आली. तिनं पाच-सहा पॉइंटमध्येच कुरडई शोधून काढली. हुशार खेळाडू वास काढतात. सत्तेचाळीस मिनिटं चालली मॅच. १७-२१, २१-१८, आणि तिसऱ्या गेममध्ये मी १९-२० नं मागं. तिनं नेटवर मला खेचलं आणि पुढचं शटल उंच, खोल, थेट कुरडईत. तिचा खांदा वळताना मला दिसला, मी आधीच वळलेली होते. कात्री झाली, शटल डोक्याच्या वर, आरामात मारता येईल असं. मी नेटमध्ये मारलं.

बाबा त्या दिवशी पहिल्यांदा मॅच बघायला आले होते. परत येताना गाडीवर म्हणाले, "धोटा पेटीत नीट बसला होता की गं. मग काय झालं?"

सरांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, पोचली होतीस का. म्हटलं, हो, वेळेत.

"मग सोमवारी ये. मनगट बघू. डबा भरून आणतो."